तेल सोडून तीन दिवस

व्हॅनच्या पोटाखाली काय दिसतं ते बघायला ती गुडघे टेकून वाकली, तर पलीकडून वाकलेला एक चेहरा थेट तिच्याकडेच बघत होता.

"तुमचं काही पडलं का?" तिनं विचारलं.

"नाही. गिअरबॉक्स बघतोय. तुम्ही?"

"मी... ही गाडी घ्यायचं म्हणतेय."

"ही?" तो दचकला आणि त्याचं डोकं वर दाणकन आपटलं. "आई गं!"

दोघं उभे राहिले. कपाळ चोळताना त्यानं काळं वंगण भुवईपर्यंत फासून घेतलं होतं. तिला हसू आवरेना. तो कोपऱ्यावरच्या गॅरेजातला मेकॅनिक. दुसऱ्या एका गाडीला इथला गिअरबॉक्स बसेल का, ते बघायला मालकानं त्याला धाडलं होतं. व्हॅन होती शेजारच्या घरातल्या काकांची. काचेवर त्यांनी पाटी लावली होती : 'इंजिन जाम. बाकी सगळं उत्तम.'

"बाकी सगळं उत्तम म्हणे!" तो म्हणाला. "नका घेऊ."

"गिअरबॉक्स तुम्हाला हवाय म्हणून?"

"तेही आहेच," तो हसला. "पण खरंच नका घेऊ."

ती सोफे-खुर्च्यांना नवं कापड चढवायची. तिचं शिलाईयंत्र, कापडाचे तागे, स्पंजच्या गाद्या, सगळा संसार भावाच्या घरातल्या मागच्या खोलीत. वहिनीला सातवा महिना लागला आणि एके दिवशी तिच्या यंत्राला टेकून बाळाच्या पलंगाच्या सुट्या फळ्या उभ्या राहिल्या. कुणी अवाक्षर काढलं नाही. दादा एवढंच म्हणाला, "घाई नाही गं." त्या 'घाई नाही'नंच तिच्या पायाला भिंगरी लागली. दुसरी खोली परवडणारी नव्हती. पण चार चाकांवरचं दुकान असलं तर? कवडीमोलानं मिळणारी अशी गाडी पुन्हा कुठं मिळणार?

ती हटेना, तेव्हा त्यानं पुढं वाकून इंजिनाला पाना लावला, सगळा भार टाकला. इंजिन तसूभर हललं नाही.

"नुसती उभी राहून गंजली असेल तर सुटेल. तेलावाचून पळवली असेल तर देवाचं नाव घ्या." त्यानं प्लग काढून आत पातळ तेल सोडलं. "आता तीन दिवस थांबायचं."

"तीन दिवस? मला तीन मिनिटं धीर निघत नाही."

"ते दिसतंयच," तो म्हणाला. त्याची नजर जरा जास्तच रेंगाळली.

काकांनी तीन दिवसांची मुदत दिली. चौथ्या दिवशी भंगारवाला येणार होता.

दुसऱ्या दिवशी तिनं खुर्चीच्या हाताचं कव्हर उलटं शिवलं, उसवलं, पुन्हा उलटं शिवलं. शेवटी 'जरा पाय मोकळे करून येते' म्हणत ती व्हॅनपाशी पोचली. तो तिथंच होता.

"तुम्ही इथं कसे?"

"तेल बघायला."

"बाहेरून दिसतं?"

"...नाही."

वाऱ्यानं व्हॅनचं मागचं दार सारखं आपटत होतं. तिनं आत शिरून खडूनं गाडीच्या तळावर रेघा ओढल्या. इथं यंत्र, इथं तागे, इथं कात्र्या. तो उंबऱ्यावर बसून बघत राहिला.

"आणि सोबत कुणी आलं तर ते कुठं बसणार?"

"सोबत कोण येणार?"

"नाही, आपलं... विचारलं." त्याचे कान लाल झाले होते.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि भाबडेपणानं सगळं बोलून गेल्या. "अहो, धूर निघेपर्यंत दामटवली यांनी! तेल संपल्याचा दिवा लागला, तर म्हणे दिवाच बिघडलाय!"

मागं उभ्या काकांना जोराचा ठसका लागला.

मेकॅनिकनं मान हलवली. "संपलं. इंजिन आतून चिकटलंय. नवं बसवायचं तर महिना जाईल. आणि मी..." तो अडखळला. "मी सोमवारी जातोय. बंदरावर बोटींच्या इंजिनांचं काम मिळालंय. वर्षभरासाठी."

"अरे वा! अभिनंदन," ती म्हणाली. कप तसाच ठेवून ती निघाली. एवढं भरभर चालायचं कारण तिचं तिलाच कळेना.

संध्याकाळी तिनं गिऱ्हाइकाचं चांगलं कापड वीतभर आखूड कापलं. वहिनी दारात उभी होती.

"मन गाडीत अडकलंय की गाडीवाल्यात?"

"वहिनी!"

"मला हल्ली वाकता येत नाही, पण दिसतं सगळं."

तिसऱ्या दिवशी दुपारी तो पाना घेऊन आला. जोर लावला. इंजिन ढिम्म. पाना खाली ठेवून तो तिच्याकडे न बघताच बोलू लागला.

"नका घेऊ म्हणालो ना... ते सगळंच काही गाडीमुळे नव्हतं. तुम्ही घेतली असती, तर इंजिन मीच बसवणार म्हणून हट्ट धरला असता. बंदर राहून गेलं असतं. तसं व्हावंसंही वाटत होतं, आणि भीतीही त्याचीच वाटत होती."

ती शांतपणे म्हणाली, "गाडी मी सकाळीच घेतली."

"काय? आणि इंजिन?"

"पुलापलीकडे एक बाई गॅरेज चालवतात. त्यांच्याकडे जुनं, चालू इंजिन आहे. पाच आठवड्यांत बसवून देतील."

"त्यांच्या हातात देणार? त्या नट केवढे आवळतात माहितेय?"

"आवळू देत. माझ्या गाडीपायी कुणी अडकून पडायला नको. गाडीचं मी बघेन." तिनं खाली ठेवलेला पाना उचलून त्याच्या हातात दिला. "तो प्रश्न मिटला. आता सांग... तुला जायचंय?"

तो हळूच म्हणाला, "'तू' म्हणालीस मला."

"चुकून."

"पुन्हा चूक ना..."

"आधी उत्तर दे तू."

"जायचंय," तो म्हणाला. "खूप दिवसांपासून ते काम शिकायचंय. पण तुला सोडून जायचं म्हटलं की जीव थाऱ्यावर राहत नाही. तू आवडतेस मला. डोकं आपटलं तेव्हापासून."

वारा पडला होता की तिला ऐकू येईनासा झाला होता, कोण जाणे.

"बोटींत बसायला गाद्या असतात?" तिनं एकदम विचारलं.

"असतात की. खाऱ्या पाण्यानं वर्षाच्या आत फाटतात."

"मग माझ्यासाठी काम आहे तिथं." ती हसली, डोळे मात्र भरून आले. "तू पुढं हो. पाच आठवड्यांनी मी आलेच. पत्ता सांग."

त्यानं सांगितला. तिला तो पहिल्याच फटक्यात पाठ झाला. तरी ती म्हणाली, "नीट ऐकू नाही आलं," आणि तो आणखी एक पाऊल जवळ आला.