आधी राग खाली ठेवा

तिच्या तळपायाची आग मस्तकात जायला कधीच फार वेळ लागत नसे. त्या सकाळी तर निमित्तही भक्कम होतं. हातात थर्मास घेऊन ती हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर, बाळंतीण ताईच्या खोलीकडे निघाली होती. कॉरिडॉरच्या टोकाच्या बंद दाराआडून एक तान्हं बाळ जिवाच्या आकांताने रडत होतं, आणि येणारी-जाणारी माणसं खाली मान घालून चालली होती. एवढंसं पोर टाहो फोडतंय आणि कुणाला त्याचं काही नाही! तिने सरळ दार ढकललं.

आत स्टीलचं टेबल होतं. त्यावर उघडं बाळ, आणि त्याची टाच दाबून दाबून काचेच्या बारीक नळीत रक्त गोळा करणारा लॅबचा एक उंच तरुण. बाळाच्या मनगटावर ताईच्या नावाची पट्टी होती. मग काय, तिचा पारा जो चढला...

"लिंबू आहे का ते, असं पिळायला?"

"दार लावा आधी," तोही तितकाच भडकलेला होता. "वारा लागून टाच गार पडली की रक्त येत नाही. मग पुन्हा टोचावं लागतं."

"माणूस आहात की खाटीक?"

"काविळीची तपासणी आहे बाई! रोज करावीच लागते. मला काय हौस आलीय? आईच्या उघड्या छातीवर असला ना, तर याला निम्मंसुद्धा दुखत नाही. पण आई तापाने वर वेगळ्या खोलीत, आणि हा इथे एकटा... सांगा, मी काय करू?"

तिला ताई आठवली. ऑपरेशननंतर ताईला ताप भरला होता. डोळे मिटता मिटता ती धाकट्या बहिणीला एवढंच म्हणाली होती, "त्याला एकट्याला रडू देऊ नकोस गं."

"मी आहे ना," ती म्हणाली. "मावशी आहे त्याची. माझी छाती चालेल की नाही?"

बोलून गेल्यावर तिचे कान तापले. त्याचेही तापले असावेत, कारण तो एकदम नळीवर चिठ्ठी चिकटवायला वळला.

"मोठ्या सिस्टरना विचारून बघतो," तो भिंतीकडे बघत पुटपुटला. "उद्या पुढून उघडणारा सैल शर्ट घालून या. आणि... अत्तर नको."

दुसऱ्या दिवशी ती आली ती दारावरच्या रखवालदाराशी भांडूनच. खुर्चीत बसली. सिस्टरने बाळाला तिच्या छातीशी लावलं आणि दोघांवर मिळून पांघरूण घातलं. फक्त एक पाऊल बाहेर होतं. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने तो ती टाच शेकत खाली गुडघ्यांवर बसला. बाळ मात्र वळवळत होतं, कुरकुरत होतं.

"टोचा ना एकदाचं!"

"नाही टोचणार. आधी तुमचा राग खाली ठेवा, मावशी."

"मी तुमची मावशी नाही! आणि मी शांतच आहे!" ती ओरडली. बाळाने भोकाड पसरलं.

"बघा," तो म्हणाला. "त्याचा कान तुमच्या काळजावर आहे. तुमचं भांडण त्याला आतून ऐकू जातंय. हे असंच चालणार असेल तर टेबलच बरं."

टेबल? ते तर मुळीच नाही. आयुष्यभर रागाच्या जोरावर तिने कामं करून घेतली होती. इथे नेमका तोच बाळाच्या वाईटावर उठला होता... आणि राग काही दिव्याच्या बटणासारखा बंद होत नाही.

"तुम्ही काय करता?" त्याने सहज विचारलं.

"गाडी शिकवते. का?"

"ओरडून?"

"ओरडल्याशिवाय लोकांचा पाय ब्रेकवर जात नाही."

"सगळ्यात ढ कोण आहे?"

"एक निवृत्त हेडमास्तर," तिला आठवूनच हसू आलं. "कुणी आडवा आला की काच खाली करून म्हणतात, अंगठे धरून उभा राहा! आणि हे सगळं भर चौकात, गाडी बंद पाडून..."

ती हसता हसता थांबली. बाळाची मूठ सुटली होती. त्याने एकदा तोंड वाकडं केलं, जरासं कुं केलं आणि पुन्हा गाल टेकला.

"झालं," तो उठत म्हणाला.

"कधी? मला न सांगता?" तिला पुन्हा राग आला. पण या रागात काही दम नव्हता.

मग रोज सकाळी हेच चाललं. ती त्याला सुईवाला म्हणायची, तो तिला मावशी. तिने विचारलं, तुम्हाला गाडी येते का? तो म्हणाला, स्टिअरिंग बघितलं तरी घाम फुटतो. "एवढ्याशा टाचेला सुई लावताना फुटत नाही तो?" "फुटतो की... फक्त दाखवत नाही." त्याच्या पापण्या फार लांब आहेत, हे तिच्या उगाचच लक्षात आलं. तो खाली बसलेला असायचा आणि ती वरून बघायची, त्याला ती तरी काय करणार?

आणि एके दिवशी बाळ पुन्हा वळवळायला लागलं.

"आज कुणाशी भांडलात?"

"कुणाशीच नाही."

"मग एवढी धडधड कसली?"

तिने घाईने त्याच्या पापण्यांवरून नजर काढून घेतली. त्याने वर पाहिलं... आणि मग त्याला उत्तराची गरज उरली नाही. सुई टोचताना आज त्याचाच हात थरथरला. रक्त आलं नाही. पुन्हा टोचावं लागलं. बाळ कळवळून रडलं, पहिल्या दिवशी रडलं होतं तसंच.

दुसऱ्या सकाळी तो आला नाही. त्याच्या जागी चष्मा लावलेल्या एक बाई आल्या. "टेबलावर ठेवा त्याला, मला उशीर होतोय," त्या म्हणाल्या. तिने बाळाला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. मोठ्या सिस्टर येईपर्यंत ती खुर्चीतून हलली नाही. शेवटी बाईंना खाली बसावं लागलं.

बाळ झोपल्यावर ती थेट लॅबच्या दारात जाऊन उभी राहिली.

"पळपुटे आहात तुम्ही!"

तो उभा राहिला. चेहरा उतरला होता. "माझ्यामुळे त्याला दोनदा टोचावं लागलं. माझा हात हलला. असा माणूस तिथे नको."

"आज तो टेबलावर गेला असता! मला एकटीला सोडून तुम्ही इथे तोंड लपवून बसलात, ते बरं केलंत?" तिचा आवाज चिरकला. "तुम्ही मला आवडता. झालं, बोलून टाकलं. आता मनात काही साठलेलं नाही. उद्या धडधडणार नाही. तुमच्या मनात काय असेल ते तुम्हीही आत्ता, इथेच बोलून मोकळे व्हा आणि उद्या नीट हाताने या!"

आतले सगळे कामं टाकून बघत होते. तो लालबुंद झाला.

"मलाही... तुम्ही... पहिल्याच दिवशी, त्या लिंबापासून."

"मग त्या दिवशी एवढे खेकसलात कशाला?"

"तुम्ही मला खाटीक म्हणालात!"

दुसऱ्या दिवशी तो नीट हाताने आला. ती शर्टाची वरची गुंडी सोडून खुर्चीत बसणार, एवढ्यात दार उघडलं आणि चाकाच्या खुर्चीतून ताई आत आली. ताप उतरला होता. रंग पांढराफटक, पण हात पुढे केलेले.

तिने बाळ ताईला दिलं. ताईने त्याला छातीशी घेतलं, पाजायला लावलं. सुईवाला नेहमीसारखाच खाली बसला, टाच शेकली, वाट पाहिली, टोचलं. बाळाने दूध तोंडातून सोडलंसुद्धा नाही. ताईच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं.

ती बाहेर कॉरिडॉरमध्ये आली. हात इतके रिकामे वाटत होते, की कुणावर तरी खेकसावंसं वाटलं. तो तिच्यामागोमाग आला.

"रागावलात?"

"हो. तो आता माझ्याकडे येणार नाही."

"म्हणजे आता तुमच्या काळजाला कुणाचा कान लागलेला नाही," तो हळूच म्हणाला.

तिने त्याचा हात धरला. तो चांगलाच थरथरत होता. या वेळी तिने त्याला शांत व्हायला सांगितलं नाही, आणि आपल्या छातीतली धडधडही होऊ दिली, हवी तेवढी.