भाकरीचा पापुद्रा

बसा, प्रेमलाबाई. दिवा जरा पुढं ओढते. तुमच्या लेकीला, दुर्गीला, हितं चुलीजवळ बसू द्या. तिच्या बोटाला चिंधी कशाची? उंदीर चावला? बरं... असू दे. डाक्टर माझ्याच उंबऱ्यावर का मेले, ते इचारायला आलाय न्हवं? भाकरी थापता थापता सांगते.

तुमच्या बंगल्यावर भाकऱ्या मीच करायची. उरलेली भाकर डाक्टरांच्या पांढऱ्या उंदरांना जायची. लाकडी खोक्यात गल्ल्याच गल्ल्या, आन् पार शेवटाला तुकडा. वास तरी किती यायचा त्या खोलीत! उंदीर वाट शिकलं की डाक्टर लई खूश.

गोऱ्या लष्कराचा मार्शल लॉ लागला त्या उन्हाळ्यात माझ्या भिमाला मेंदूचा ताप आला. लाडाचं पोर माझं. भाकरीचा पापुद्रा तेवढा गुळासंगं खायचं, बाकीची भाकर माझ्या ताटात टाकायचं. डाक्टरांनीच औषध दिलं. पर जीव जाताना भिमा माझ्याकडं बघून म्हनला, "ही बाई कोन?"... आन् गेला.

तेरावं झालं, मी कामावर आले. तर डाक्टर हसत म्हनाले, "दगडाबाई, या, बघा! उंदीर वाट विसरले. भिमा गेल्यावर त्याच्या पाठीतलं पाणी काढलं होतं, ते यांना टोचलं. तापातून उठले, पण शिकलेलं सगळं गेलं!"

मला न इचारता? माझ्या मेलेल्या लेकराच्या पाठीत सुई? अंगाचा तिळपापड झाला माझ्या. म्हनले, "तुमचंबी असंच होऊ दे."

मग खोक्यात बघितलं. भाकरीचा तुकडा तसाच पडलेला. वरचा पापुद्रा तेवढा सोलून नेलेला.

त्यातलाच एक डाक्टरांना चावला. पुढचं तुमी भोगलंय. आधी औषधांची नावं डोक्यातनं गेली, मग बंगल्याची वाट, मग तुमी.

त्या दुपारी रस्त्यावर चिटपाखरू न्हवतं. दार वाजलं. उघडलं तर डाक्टर. अनवानी. उंबऱ्यावर भिमाच्या जागेवर बसले, आन् म्हनाले, "आये... पापुद्रा दे की."

आवाज डाक्टरांचा. हट्ट माझ्या भिमाचा.

आतडं तुटलं, खोटं कशाला बोलू? पर तोंड कुनाचं होतं? सुई टोचनाऱ्याचं! मी म्हनले, "हा बाबा कोन?" आन् धाडकन दार लावलं. बाहीर लई वेळ रडनं ऐकू येत होतं... मग थांबलं.

तुमी रडू नका, बाई. घे गं दुर्गे, गरम हाय, फुंकून खा.

अगं... सगळी भाकर माझ्या ताटात टाकलीस? पापुद्रा तेवढा घेतलास?

थांबा, प्रेमलाबाई, तिला वढू नका. माझ्या पदराला धरून बसलीय. काय म्हनतीस, बाळ? मोठ्यानं बोल की...

ऐकलंत न्हवं? तुमच्याकडं बोट करून इचारतीय, "आये, ही बाई कोन?"

काय सांगू तिला?