अंबाडीच्या रस्त्यावर मागून येणारी

मी हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

तुम्ही म्हणाल, रचलेलं आहे. म्हणा. पण त्या रस्त्यावर मी होते. जे ऐकलं ते माझ्या कानांनी ऐकलं. आणि जिचे पाय गेले, ती माझी मैत्रीण होती.

रविवार, १७ डिसेंबर २००६. पहाटेचे सहा वाजून गेलेले. भिवंडीहून वाड्याकडे जाणारा रस्ता, अंबाडी यायच्या चार-पाच किलोमीटर अलीकडे.

पण खरी सुरुवात त्याच्या तीन आठवडे आधी झाली...

मी उन्नती. तेव्हा अठ्ठावीस वर्षांची. कामतघरला राहायचे आणि वडप्याला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला जायचे. बाळंतपणानंतर वजन वाढलं ते वाढलंच. म्हणून रोज सकाळी तलावाकडे चालायला जायला लागले. तिथे केसरीनाथ सर भेटले. शाळेत पीटी शिकवायचे, आता रिटायर झालेले. साठीचा माणूस, पण तरण्या पोरांना मागे टाकेल असा.

"नुसती चालतेस काय? पळ," ते म्हणाले.

आणि मी पळायला लागले.

आम्ही चौघं होतो. सर, मेडिकल स्टोअरवाला दर्शन, पूर्वा आणि मी. पूर्वा एका शाळेत शिकवायची. सडपातळ, उंच. कॉलेजात शर्यती जिंकलेली. माझ्याशी सगळ्यात गोड तीच बोलायची. जानेवारीत मुंबईला हाफ मॅरेथॉन होती, एकवीस किलोमीटरची. चौघांनीही नावं दिली होती.

दर रविवारी दर्शन त्याची व्हॅन वाडा रोडच्या एका पेट्रोल पंपावर लावायचा. तिथून अंबाडी नाक्यापर्यंत बारा किलोमीटर पळायचं. नाक्यावर चहा प्यायचा आणि जीपने परत यायचं.

मी कायम शेवटची.

दुसऱ्या किलोमीटरला तिघं अंधारात दिसेनासे व्हायचे. मग मी आणि रस्ता. पुढचा विजेचा खांब येईपर्यंत पळायचं, मग त्याच्या पुढचा. डोक्यात एकच... कशाला आलीस? तुझ्याच्याने होणार आहे का हे? लोक हसत असतील. तिकडे ते तिघं चहा पिऊन तुझी वाट बघत असतील.

नाक्यावर पोचले की सर म्हणायचे, "छान." त्या 'छान'ची मला लाज वाटायची.

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार होता.

सातव्या किलोमीटरला एक छोटी मोरी आहे. खालून ओढा जातो, दोन्ही बाजूंना दगडी कठडे. तिथे पोचले तेव्हा पोटऱ्या दगड झालेल्या. आता थांबायचं असं ठरवलंच होतं.

आणि मागून आवाज आला.

थप... थप... थप...

कुणीतरी पळत येत होतं. बुटांचा आवाज नव्हता. अनवाणी पाय डांबरावर पडत होते.

मी घाबरले नाही. खरं सांगते, मला आनंद झाला. माझ्याही मागे कोणीतरी होतं! आज मी शेवटची नव्हते.

अंबाडीच्या बाजाराला निघालेली कुणी गावातली बाई असेल, उशीर झाला म्हणून पळत असेल. असं मला वाटलं. मी बाजूला झाले.

"या ना पुढे," मी म्हणाले.

"तू हो म्होरं. मी हाय मागं."

बाईचाच आवाज. शांत. जरासुद्धा धाप नव्हती.

मागे वळून बघायचं नाही, असा सरांचा नियम होता. मान वळली की लय तुटते. मी बघितलं नाही. पण थांबलेही नाही. बाईच्या देखत कसं थांबायचं? पाय आपोआप हलके झाले. मी वेग वाढवला की ती वाढवायची. मी हळू झाले की तीही हळू.

नाक्याचे दिवे दिसले आणि मागचा आवाज बंद झाला. वळून बघितलं.

रस्ता रिकामा होता.

चहा पिताना मी म्हणाले, "आज माझ्या मागे एक बाई होती."

दर्शन हसला. "ताई, तुमच्या मागे कोण असणार?"

पूर्वासुद्धा हसली. तिच्या मनात काही नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा मात्र ते हसू आत कुठेतरी रुतलं.

पुढच्या रविवारी मोरीवर पुन्हा तोच आवाज.

थप... थप... थप...

"आलीस?" मागून विचारलं.

"आले," मी म्हणाले.

मी बोलत राहिले. सासूबाई काय म्हणतात, ऑफिसातले कसे बघतात, माझ्याच्याने एकवीस किलोमीटर होतील का. ती फार बोलायची नाही. "हां" म्हणायची. "चाल म्होरं" म्हणायची. घरात इतकं कुणी माझं ऐकून घेतलं नव्हतं.

तेवढ्यात मागून एक ट्रक आला. हेडलाइटचा उजेड माझ्या पाठीवर पडला. माझी सावली समोर रस्त्यावर लांबच लांब पसरली.

एकच सावली...

थप थप मात्र चालूच होतं. माझ्या अगदी पाठीशी.

ट्रक निघून गेला. मी स्वतःला समजावलं, ती कडेने पळत असेल. तुम्ही हसाल. पण त्या दिवशी मी नेहमीपेक्षा आठ मिनिटं आधी पोचले होते. सर पहिल्यांदा मनापासून "शाब्बास" म्हणाले होते. मला ती बाई हवी होती. म्हणून मी फार विचार केला नाही.

तिसरा रविवार. १० डिसेंबर.

त्या दिवशी पहिल्यांदा तिने मला काही विचारलं.

"म्होरं कोन हाय?"

"पूर्वा," मी म्हणाले.

"दमते काय ती?"

का कोण जाणे, मला ते हसू आठवलं. माझा आवाज मलाच कडू लागला.

"ती? ती कधीच दमत नाही."

मागे जरा वेळ नुसते पाय वाजत राहिले.

मग ती म्हणाली, "बरं."

आणि आवाज थांबला. नाका अजून लांब होता, तरी थांबला. उरलेला रस्ता मी एकटीच पळाले.

मग आला तो सतरा तारखेचा रविवार.

धुकं होतं. रस्त्याकडेच्या गोडाऊनचे दिवे संपले तसं काहीच दिसेना. मी मोरीवर आले आणि कान मागे लावले.

काही नाही.

फक्त ओढ्याचं पाणी.

मोरीच्या पलीकडे कठड्याला हात टेकून कोणीतरी उभं होतं. पूर्वा होती.

"काय झालं?"

"पोटात कळ आलीय गं. तू हो पुढे, मी येतेच."

कुणाला एकटं सोडायचं नाही, असं आमचं ठरलेलं होतं. मी थांबायला हवं होतं.

मी थांबले नाही.

मी पूर्वाच्या पुढे चालले होते. आयुष्यात पहिल्यांदा! त्या आनंदात मी "ये सावकाश" म्हणाले आणि पळत सुटले.

शंभरेक पावलं गेले असेन. मागून पूर्वाच्या बुटांचा आवाज आला. ती पुन्हा पळायला लागली होती.

आणि त्या आवाजात दुसरा आवाज मिसळला...

थप... थप... थप...

ती बाई बोलत होती. शब्द कळत नव्हते. पण ती माझ्याशी बोलत नव्हती.

तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला भीती वाटली. ओरडावं, पूर्वाला हाक मारावी, असं वाटलं. पण हाक मारली नाही.

मी वेग वाढवला. पळाले. तिला तिथे टाकून पळाले.

नाक्यावर सर आणि दर्शन होते. "आज तिसरी!" म्हणून दर्शनने टाळी दिली.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. चहा निवून त्यावर साय धरली.

"पूर्वा कुठे राहिली?" सरांनी विचारलं.

"पोटात दुखत होतं तिच्या," मी म्हणाले. बाकी काही बोलले नाही.

आम्ही जीप करून मागे निघालो. उजाडलं होतं. धुकं विरत चाललं होतं. मी खिडकीतून कडेला बघत होते. वळण गेलं, शेतं गेली... कुणीच नाही.

पूर्वा मोरीवर सापडली. मी सोडलं होतं तिथेच. कठड्यावर बसली होती.

बसली होती, पण तिचे पाय हलत होते.

एक उचलायचा, जमिनीवर पडायचा. दुसरा उचलायचा. थप... थप... बसल्या जागी ती पळत होती. डोळे समोर लागलेले. ओठ फुटून रक्त आलेलं.

सरांनी तिचे दोन्ही गुडघे घट्ट धरले. "पूर्वा! बेटा, थांब! थांब!"

ती सरांकडे बघून म्हणाली, "थांबू?"

मग ती इतकी रडली की बस.

दर्शन तिचे बूट काढायला वाकला. दिवाळीत घेतलेले नवे बूट. बुटांचे तळ झिजून त्यांची चाळण झाली होती, आतला मोजा दिसत होता. मोजा रक्ताने चिकटला होता.

तिच्या मनगटावर घड्याळ होतं. पंपावरून निघताना आम्ही दोघींनी एकदमच बटण दाबलं होतं. माझ्या घड्याळात एक तास अठ्ठावन्न मिनिटं झाली होती.

तिच्या घड्याळात अकरा तास सहा मिनिटं.

आकडे अजून पळत होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी एक्सरे पुन्हा पुन्हा पाहिला. दोन्ही पायांच्या हाडांना तडे होते. "ही किती दिवस पळत होती?" त्यांनी विचारलं. सर म्हणाले, आज सकाळीच निघालो होतो. डॉक्टर म्हणाले, "एका सकाळीत असं होत नाही."

चार दिवसांनी मी ऑफिसातून हाफ डे घेऊन अंबाडीला गेले. भर दुपारी. आम्ही चहा प्यायचो त्या टपरीशेजारी जानकीबाई भाजी घेऊन बसायच्या. त्या मोरीजवळच्याच पाड्यावरच्या. त्यांना विचारलं, पहाटे त्या रस्त्याने कोण बाई पळत येते?

त्यांचा मेथी निवडणारा हात थांबला.

"मागनं येतं ती?"

मी मान हलवली.

"तू ओ दिलीस काय तिला?"

"हो."

"नाव सांगितलंस? कुनाचं?"

जानकीबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. मेथीच्या काड्या एका बाजूला सारल्या.

"आमी बाया वळीनं तिथनं जातो तवा सगळ्यात मागली बाई गपच असतं. मागनं कोनी काय बी इचारू दे, बोलायचं न्हाय. नाव तर काडायचंच न्हाय."

"पण कोण आहे ती?"

"आमाला काय ठावं बाय? आमी कदी इचारलंच न्हाय."

जानेवारीत मी मॅरेथॉनला गेले नाही. सर बोलवायला घरी आले होते. पाय मुरगळलाय म्हणून सांगितलं.

पूर्वाकडे जायचा धीर व्हायला फेब्रुवारी उजाडला. ती माहेरी होती. दोन्ही पाय उशीवर. प्लॅस्टर निघालं होतं, पण भिंत धरल्याशिवाय उभं राहता येत नव्हतं. तिची आई चहा टाकायला आत गेली.

पूर्वा आपणहून बोलायला लागली.

"तू पुढे गेलीस ना, तेव्हा मागून एक बाई आली. म्हणाली, चाल. मी पळायला लागले. खूप पळाले गं. रस्ता संपतच नव्हता. मोरी यायची, मग शेतं, मग पुन्हा तीच मोरी. मी म्हणाले, मी दमले. मला थांबू दे. हात जोडले तिला."

तिने पायाखालची उशी सारखी केली.

"ती म्हणाली, तू कशी दमशील? उन्नती म्हनली, तू कदीच दमत न्हाय."

आत कपबशा वाजत होत्या. मी चादरीच्या नक्षीकडे बघत राहिले.

"उन्नती, तू म्हणाली होतीस असं?"

तेव्हा सांगायला हवं होतं. पायाशी बसून माफी मागायला हवी होती. तिच्या त्या वाळलेल्या पोटऱ्या समोर दिसत होत्या.

"नाही गं," मी म्हणाले. "मी कशाला म्हणेन?"

पूर्वाने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. घाबरल्यासारखं.

"तिने सांगितलं होतं," ती हळूच म्हणाली. "तू नाहीच म्हणशील म्हणून."

मी चहा न घेताच उठले.

त्यानंतर मी कधी धावले नाही. पूर्वा आता पुण्याला असते, काठी घेऊन चालते. दिवाळीला तिचा फोन येतो. आम्ही मुलांचं बोलतो, स्वयंपाकाचं बोलतो. तो विषय ती काढत नाही. मीही नाही.

पण फोन ठेवला की दरवेळी एकच गोष्ट मला छळते.

मी खोटं बोलणार, हे सतरा डिसेंबरला मलासुद्धा माहीत नव्हतं.

तिला कसं माहीत होतं?