चोपन्न नंबरचं हेल्मेट

"मी वेडा आहे, नाहीतर खोटारडा आहे, असं संघाला लिहून हवंय," ओटिस ब्लेडसो म्हणाला. "दोन्हींतलं कुठलं, ते ठरवायला मला उद्या दुपारी दोनपर्यंत वेळ दिलाय."

लुएला हॉबनच्या ऑफिसातली खुर्ची त्याच्या वजनाखाली कुरकुरली. त्याच्या हनुवटीवर दोन ताजे टाके होते. खिडकीपाशी सॉसेज भरलेला पेपरोनी बॉल खात बसलेल्या वॉल्टर गॉर्स्कीचा हात तोंडापाशीच थांबला. अकरा वर्षं हार्बरमेन या अमेरिकन फुटबॉल संघाचा सेंटर असलेला हा माणूस ईरी शहरात कोणाला माहीत नव्हता? मंगळवारी सकाळी तो आपल्यासमोर असा येऊन बसेल, असं मात्र वॉल्टरला कधी वाटलं नव्हतं.

वॉल्टर एकतीस वर्षं शाळेत फुटबॉलचा कोच होता. निवृत्तीनंतर तो लुएलाची, म्हणजे लूची, गाडी चालवायचा, आणि खेळातलं काही अडलं तर तिला समजावून सांगायचा. लूने वीस वर्षं विमा कंपनीसाठी खोटे दावे पकडले होते; आता ती खाजगी तपासाची कामं घ्यायची. फुटबॉल तिला कळत नसे. माणसं कळत.

"पहिल्यापासून सांग," ती म्हणाली.

"रविवार, तिसरा क्वार्टर. समोरचा गडी डोकं खाली घालून आला. त्याचं नारिंगी हेल्मेट माझ्या उजव्या कानाच्या वर आदळलं. कडकन आवाज आला. माझं हेल्मेट तडकलं, मॅडम. त्यानंतरचं मला आठवतं ते थेट अंघोळीच्या खोलीतला नळ. मधला सबंध शेवटचा क्वार्टर मी खेळलो म्हणतात."

"टीव्हीवर दिसलं असेल."

ओटिस हसला. "मी वाकतो, दोन पायांमधून चेंडू मागे देतो आणि कॅमेरा चेंडूबरोबर निघून जातो. त्यानंतर माझ्याकडे माझी आईसुद्धा बघत नाही."

सोमवारी त्याने संघाच्या डॉक्टरला सांगितलं. डॉक्टरने स्मरणशक्तीची परीक्षा घेतली. मार्क सीझनआधी जुलैत झालेल्या परीक्षेइतकेच पडले. हेल्मेट मागवलं, तर ते धडधाकट निघालं. म्हणजे काही झालंच नाही, रविवारी खेळायचं. ओटिसने नकार दिला. आता उद्या दोन वाजता त्रयस्थ पंचांपुढे सुनावणी होती.

"हरलो तर मैदानात उतरायचं, नाहीतर संघाबाहेर. आणि मी उतरणार नाही. माझ्या आधीचा सेंटर आज स्वतःच्या बायकोला मावशी म्हणून हाक मारतो. मी तसा होणार नाही."

"तुझं हेल्मेट कुठल्या बनावटीचं?"

ओटिसने खिडकीबाहेर पाहिलं. "हेल्मेट हेल्मेटच असतं, मॅडम."

लूने विषय बदलला. "सेंटरचं काम काय असतं?"

"वाकायचं आणि ओरडायचं. समोरचे कसे उभे आहेत ते बघून रांगेतल्या प्रत्येकाला सांगायचं, तू याला धर, तू त्याला धर. या जुलैत नवा कोच आला, त्याने दोनशे बारा नव्या चाली आणल्या. दोन आठवड्यांत पाठ केल्या."

"चाळीसावी सांग बरं," वॉल्टरला राहवलं नाही.

ओटिसने पाचही जणांची कामं एका दमात म्हणून दाखवली. वॉल्टरने लूकडे असं पाहिलं, जणू पोरगं त्यानेच घडवलं होतं.

*

संघाचा डॉक्टर एल्डन प्राइस सडपातळ, शांत, स्वच्छ नखांचा माणूस होता.

"हनुवटीला दोन टाके घातले, सामना संपल्यावर. पट्ट्याने कापलं होतं. डोक्याला काही नाही."

"मैदानावर तपासलंत?"

"अर्थात. दोन बोटं दाखवली. त्याने दोन सांगितली."

वॉल्टरने मान खाली घातली आणि टोपीची कड चाचपत बसला.

"आणि परीक्षा?"

"जुलैत वीस शब्दांपैकी सहा आठवले होते. सोमवारीही सहाच. मेंदूला मार असता तर आकडा खाली आला असता." डॉक्टरने खांदे उडवले. "काहींची स्मरणशक्ती बेताचीच असते. सेंटर आहे तो. प्राध्यापक नाही."

*

सामानाच्या खोलीत गडद निळी हेल्मेटं ओळीने टांगलेली होती, आरशासारखी चकचकीत. खोली संघाचं सामान सांभाळणाऱ्या मर्ल हॅकेटची. किल्ल्याही त्याच्याच कमरेला.

"सामना संपला की त्याच संध्याकाळी सगळी धुवायची, स्क्रू आवळायचे, ओरखडे घासून काढायचे," तो म्हणाला. "सत्तावीस वर्षं. आईला पुरून आलो, त्या दिवशीसुद्धा चुकलं नाही."

"मग हे एकच का मळकं?"

ओटिसच्या चोपन्न नंबरच्या हेल्मेटवर कपाळाशी नारिंगी ओरखडे होते.

"ऑफिसातून निरोप आला ना. पुरावा आहे, हात लावू नकोस. सोमवारी दुपारी."

लूने हेल्मेट उचललं आणि आत नाक घातलं. "नव्या गाडीसारखा वास येतो." मग तिने हनुवटीचा पट्टा बघितला. तो जुनाट, पिवळा पडलेला होता, कडेला चावल्याच्या खुणा होत्या आणि रक्ताचा वाळका डाग होता. बकलापासून अर्धं बोट आत, हनुवटीच्या बाजूला, पट्ट्यावर एक खोल घडी होती. पुस्तकाचं पान वर्षानुवर्षं एकाच जागी दुमडावं तशी. आतल्या गालाच्या गाद्या मात्र स्वच्छ होत्या.

"पट्टा जुना दिसतो."

"हेल्मेट बदलतं, पट्टा कोणी बदलू देत नाही, बाई. झोपायच्या उशीसारखं असतं ते."

"तू फार जीव लावतोस या पोरांना."

"दुसरं कोण लावतंय इथे?" मर्ल म्हणाला आणि हेल्मेट तिच्या हातातून काढून घेऊन खुंटीला लावलं.

*

कोल वेंझेल हा चोवीस वर्षांचा गार्ड. रांगेत ओटिसच्या डाव्या खांद्याला खांदा लावून उभा राहणारा. तो घोगऱ्या, फाटक्या आवाजात बोलत होता.

"घसा बसलाय?" लूने विचारलं.

"रविवारपासून."

"सर्दी?"

"विस्कॉन्सिनच्या बर्फातला आहे मी, बाई. आम्हाला सर्दी होत नाही, आम्ही सर्दीला होतो."

"हेल्मेट फार मोठं आहे रे तुझं," वॉल्टर म्हणाला. "आमच्या वेळी एवढी नव्हती."

"ही नवी. लीगने दोन वर्षांपूर्वी जुनी सगळी बंद केली. सुरक्षित आहेत म्हणतात. पण कोच, आरशात बघितलं की वाटतं, धडावर भोपळा ठेवलाय. आमच्या रांगेत पाचांपैकी चार भोपळे. एकटा ओटिस म्हातारा तेवढा फोटोत माणसासारखा दिसतो. त्याच्यावरून चिडवतो आम्ही त्याला."

"रविवारी त्याला काय झालं?"

वेंझेलने डोळे खाली वळवले. "काही नाही. जरा ढिला होता."

गाडीत बसताच वॉल्टरने आपलं मत मांडलं. "डॉक्टरनेच हेल्मेट बदललंय. त्याच्याच अंगाशी येणार होतं."

"वॉल्टर, रांगेत ओरडतं कोण?"

"सेंटर. फक्त सेंटर. गार्डने तोंड उघडलं तर गोंधळ होतो."

"हं," लू म्हणाली.

*

बुधवारी बारा वाजता लूने सामानाच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं. आत ओटिस, मर्ल, वेंझेल आणि वॉल्टर.

"डॉक्टरला बोलावलं नाही," ती म्हणाली. "कारण मी ओटिसची माणूस आहे. जे सांगणार आहे ते आधी त्याने ऐकावं."

तिने चोपन्न नंबरचं हेल्मेट टेबलावर ठेवलं.

"पट्ट्यावर रक्त आहे. म्हणजे रविवारी ओटिसच्या हनुवटीला हाच पट्टा होता. पण शेजारच्या गाद्यांवर रक्ताचा थेंब नाही, घामाचा वास नाही. म्हणजे पट्टा रविवारी होता, हेल्मेट नव्हतं. आता ही घडी बघा. बकल इतकी वर्षं इथे आवळलं जायचं. आज ते अर्धं बोट पुढे आहे. पट्टा जास्त सोडावा लागला, कारण हे हेल्मेट मोठं आहे. ओटिस, तू लहान हेल्मेट घालत होतास. लीगने बंद केलेलं. म्हणून फोटोत तू एकटाच माणसासारखा दिसतोस."



"ते जुनं हेल्मेट कुठे गेलं? मर्ल, तू त्याच संध्याकाळी सगळं धुतोस. एकही दिवस चुकवत नाहीस. ऑफिसचा निरोप आला सोमवारी दुपारी. तोवर खरं हेल्मेट धुऊन चकचकीत झालेलं असायला हवं होतं. मग या नव्यावर नारिंगी ओरखडे कसे? कोणीतरी रंग फासला. आणि पट्टा इकडचा तिकडे लावला, कारण ओटिसचा पट्टा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. किल्ली एकाचीच आहे."

मर्ल स्टुलावर बसला.

"धुताना तडा दिसला," तो म्हणाला. "करंगळी जाईल एवढा. दोन वर्षांपूर्वी हाच मागे लागला होता, नव्यात नीट दिसत नाही, मान अवघडते. मीच जुन्यावर नवं लेबल चिकटवून दिलं. ते बाहेर आलं असतं तर सगळे म्हणाले असते, याने आपल्या हाताने डोकं फोडून घेतलं. माझी नोकरी गेली तर जाऊ दे, बाई. याला कोणी बोल लावायला नको होता."

"कुठे आहे ते?"

"घरी. गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये. हरणाच्या मटणाखाली."

"आता परीक्षा," लू पुढे म्हणाली. "जुलैत दोनशे बारा चाली दोन आठवड्यांत पाठ करणाऱ्या माणसाला त्याच जुलैत वीसपैकी सहा शब्द आठवतात. हे कसं?"

"मुद्दाम," ओटिस हळूच म्हणाला. "सगळेच करतात. जुलैत कमी मार्क पाडून ठेवायचे. मग सीझनमध्ये डोकं आपटलं तरी आकडा तोच येतो आणि कोणी बाहेर बसवत नाही."

"फक्त सोमवारी ते सहा खरे होते."

"सोमवारी मी जीव तोडून आठवत होतो, मॅडम. सहाच आठवले."



"राहिला वेंझेल," लू म्हणाली. "गार्ड ओरडत नाही. मग तुझा घसा कसा बसला?"

वेंझेलने भिंतीला डोकं टेकलं. "त्या धडकेनंतर तो आमच्याच खेळाडूंकडे तोंड करून उभा राहिला होता. मी खांद्याला धरून फिरवला. पुढचा सबंध क्वार्टर त्याच्या चाली मीच ओरडलो. तो नुसता चेंडू देत होता, हातांना सवय म्हणून. मला वाटलं, मी त्याला सांभाळतोय."

"मैदानाच्या कडेला माईक असतात. तुझा आवाज त्यात असणार."

"मीही बोटंच दाखवायचो," वॉल्टर एकदम म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "एकतीस वर्षं. पोरं 'दोन' म्हणायची आणि मी त्यांना आत पाठवायचो. मी नेहमी दोनच दाखवायचो. सगळ्यांना माहीत होतं."

 मग लू ओटिसकडे वळली.

"हे सगळं मांडलं तर तुझ्या डोक्याला मार बसला होता हे सिद्ध होतं. पण बंदी असलेलं हेल्मेट आणि परीक्षेतली लबाडी, दोन्ही तुझ्या नावावर लागतात. नको म्हणालास तर मी या खोलीतून गप्प निघून जाईन."

ओटिसने हनुवटीवरच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"मर्ल," तो म्हणाला, "गॅरेजची किल्ली दे."

*

सुनावणीच्या खोलीत पंच म्हणून एक निवृत्त न्यायाधीश बाई बसल्या होत्या. ओटिसने समोर ठेवलेलं थंडगार हेल्मेट त्यांनी फिरवून पाहिलं. तड्याच्या कडांत नारिंगी रंग रुतला होता. मर्लने आपलं नाव सांगून जबाब दिला. वेंझेलने दिला. माईकची ध्वनिफीत लावली, आणि सबंध शेवटच्या क्वार्टरभर फाटत जाणारा गार्डचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

डॉ. प्राइस उभा राहिला. "म्हणजे या गृहस्थांनी बंदी असलेलं हेल्मेट घातलं आणि परीक्षेत फसवणूक केली. दोनदा खोटं वागलेल्या माणसाचं आपण ऐकणार?"

"लिहा ना," ओटिस म्हणाला. तोही उभा होता. "दोन्ही लिहा, माझ्या नावावर, मोठ्या अक्षरात. मी कुठे नाही म्हणतोय? पण त्याच कागदावर पुढची ओळही लिहा. मी कुठल्या बाजूला उभा आहे हे मला कळत नव्हतं, तेव्हा मला दोन बोटं दाखवून आत कोणी पाठवलं? माझी चूक मी घेतली. तुमची तुम्ही घ्या. आणि काही झालं तरी रविवारी मी खेळणार नाही."

"हा एकट्याचा अप्रामाणिकपणा आहे," डॉक्टर पंचांना म्हणाला. "त्यासाठी संघाच्या पद्धतीला—"

"एकट्याचा कसला?" मागून घोगरा आवाज आला. वेंझेल पुन्हा उठला होता. "मलाही खोटारडा लिहा. मला पाच शब्द आठवले होते. याच्यापेक्षा एक कमी."

पंच बाईंनी चष्मा काढला. "जुलैत मुद्दाम नापास झालेले असे किती जण आहेत?"

"उलट विचारा, बाई. खरोखर पास किती झाले ते विचारा. लवकर मोजून होतील."

 डॉक्टर खाली बसला. पंच बाईंनी हेल्मेट आपल्या बाजूला ओढून घेतलं आणि लेखनिकाकडे वळल्या.

"सगळ्या संघाचे जुलैचे कागद संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलावर हवेत," त्या म्हणाल्या. "आणि संघाला कळवा, रविवारसाठी दुसरा सेंटर शोधा."