तीनदा मागितलेला पट्टा

दिवा बारीक करा. आणि मध्येच कुणी फिदीफिदी हसलं तर गोष्ट तिथंच बंद. माझा एक मित्र होता, वायरमन. त्याच्या बाबतीत घडलेलं सांगतोय.

शहरात नवं रेडिओ स्टेशन निघत होतं. रॉक संगीताचं, कुठल्या बड्या कंपनीचं नाही, दोघांनी हिमतीवर काढलेलं. एक ढोल्या. बसेल त्या टेबलावर बोटांनी ठेका धरायचा, म्हणून ढोल्या. दुसरा भांडवलवाला. त्याला सगळे साहेब म्हणायचे.

उद्घाटनाच्या अकरा दिवस आधी ढोल्या गच्चीवरच्या रेडिओच्या मनोऱ्यावर चढला आणि खाली पडून जागीच गेला. चढताना कमरेला बांधायचा पट्टा कुजका होता. नवा पट्टा त्यानं तीनदा मागितला होता. "आधी उद्घाटन होऊ दे, मग बघू," हे साहेबाचं उत्तर वायरमननं स्वतःच्या कानांनी ऐकलेलं. आणि साहेबानं सगळ्यांना काय सांगावं? पोरगा पिऊन चढला होता! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस!

आणि आमचा हा वायरमन? मिठाची गुळणी धरून बसला. नोकरी नवी, घरी दोन पोरं. मान्य. तरी अजून राग येतो मला त्याचा.

शुक्रवारची रात्र. बाराला स्टेशन सुरू होणार. पाच मिनिटं आधी साहेबानं त्याला आतल्या रिकाम्या खोलीत धाडलं, जादाच्या माइकची वायर बदलायला. त्यानं बदलली. कानाला हेडफोन लावून तपासत होता, तेवढ्यात बारा वाजले. बाहेरच्या खोलीतून साहेबाचं भाषण सुरू झालं.

"आमचा जोडीदार आज नाही. दारूनं घात केला त्याचा..."

वायरमनच्या मुठी वळल्या. आणि हेडफोनमधला साहेबाचा आवाज मध्येच तुटला.

ह्याच्या माइकवरचा लाल दिवा लागला. आपोआप.

लाल दिवा म्हणजे सगळं शहर ऐकतंय. लाल दिवा म्हणजे चूप, ही तिथली पहिली शिकवण. ह्यानं तोंडावर हात दाबला. श्वास रोखला.

टक.

टेबलावर.

टक... टक-टक...

खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

तो हलला नाही. किती वेळ... देव जाणे. मग दिवा विझला. गाणं सुरू झालं.

दारात साहेब उभा. पांढराफटक. "हरामखोरा, काय बोललास हे?"

"मी? मी तोंडसुद्धा उघडलं नाही, साहेब."

सकाळी ढोल्याची आई ह्याच्या दाराशी आली. रात्रभर रेडिओपाशी बसलेली. ह्याचे दोन्ही हात धरून म्हणाली, "सगळ्या शहराला सांगितलंस, बाळा. पट्टा तीनदा मागितला होता म्हणून. दारुडा म्हणत होते रे माझ्या लेकाला. तू एकटा बोललास." आणि रडायला लागली. ह्याला 'मी नाही' म्हणवेना.

स्टेशनवर जे जे प्रसारित होतं त्याचं रेकॉर्डिंग राहतं. त्यानं ते लावून ऐकलं. साडेतीन मिनिटं. आवाज ह्याचाच होता, संतापानं फाटलेला. अकरा रात्री मनातल्या मनात घोकलेला शब्द न् शब्द त्यात होता.

आणि त्याच्या मागे, अगदी शेवटपर्यंत, टेबलावर बोटांचा ठेका.