फॉर्म नंबर चाळीस

संख्याशास्त्राचा पेपर म्हटला की आमच्या वर्गातल्या अर्ध्या पोरांना घाम फुटायचा. मला नाही. आकडे आपल्याला हवे तसे वळवता येतात, याचा उलट माजच होता. एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षी प्रकल्प मिळाला: केदारखेड्यातली चाळीस घरं, घरात माणसं किती आणि दरडोई पाणी किती. घरं चिठ्ठ्या टाकून निवडायची, दार बंद असलं तर तीनदा परत जायचं, हा मार्तंड सरांचा नियम.

चाळिसाव्या घराला कुलूप होतं. ऊन मी म्हणत होतं. परत कोण येतंय इतक्या लांब? समोरच्या कडुलिंबाखाली बसलो आणि फॉर्म मनानेच भरून टाकला. सर्जेराव, बायको चांगुणाबाई, म्हातारी सोनूबाई, मुलगी साधना आणि एक मुलगा. त्याचं वय बावीस, शिक्षण एम.ए. चालू, आळसाने माझंच लिहिलं. म्हैस एक. पाणी रोज दोनशे लिटर.

गुरुवारी जालन्यातल्या खोलीवर गणित मांडलं. माणसं वाढली की दरडोई पाणी घटतं, हे मला सिद्ध करायचं होतं. त्यासाठी चाचणीची किंमत २.०२ च्या वर हवी होती, आली १.९८. मी चाळीस नंबरच्या फॉर्मवरची मुलाची ओळ खोडरबराने पुसली, पाचाचे चार केले. २.०३. मस्त झोप लागली.

सोमवारी सर म्हणाले, "मुकुल, एक घर पडताळून बघू. चाळीस नंबर."

घर खोटं निघालं की वर्ष गेलं. सरांच्या मोटारसायकलवर मागे बसून रस्ताभर मी सबबी शोधत होतो.

कुलूप नव्हतं. ओसरीवर एक बाई बसली होती. सर विचारत गेले, ती सांगत गेली. सर्जेराव. सोनूबाई. साधना. तिचं स्वतःचं नाव चांगुणाबाई. म्हैस एक. पाणी दोनशे लिटर. सर प्रत्येक ओळीवर बरोबरची खूण करत होते. ही सगळी नावं मी बनवली होती.

"घरात माणसं किती?"

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "पाच होतो. गुरुवारपासून चार. रोज चाळीस लिटर पाणी उरून राह्यलं."

"चार. बरोबर आहे." सरांनी फॉर्म माझ्या हातात दिला आणि ते गाडीकडे गेले.

ती जवळ आली. "माझा पोरगा कुठंय रे?"

मी फॉर्म पाठीमागे लपवला.

"कागद तुझ्याजवळच हाय नं? लिही मंग."

तिची दया आली, भीतीही वाटली. चाराचे पाच केले. वय बावीस. एम.ए. चालू. नाव काय लिहिलं होतं, ते काही केल्या आठवेना.

"जल्दी कर."

मी लिहिलं, मुकुल.

बाहेर गाडीला किक बसली. "सर!" मी ओरडलो. सरांनी मागच्या सीटवर पिशवी बांधली आणि एकटे आलेल्या माणसासारखे निघून गेले.

"चल, म्हशीला पाणी दाखव," चांगुणाबाई म्हणाली.

यंदाही प्रकल्प आहे. परवा दुपारी एक मुलगी दाराशी आली. मी आतून कडी वाजवली, हाका मारल्या. तिने कुलूप ओढून पाहिलं, घाम पुसला आणि कडुलिंबाखाली जाऊन बसली.

दाराच्या फटीतून बराबर दिसत होतं. माणसांच्या रकान्यात तिने पाच लिहिलं. थोडा विचार केला. मग ती पिशवीत खोडरबर शोधू लागली.