वळणावरचा वाकडा आरसा

"अहो आरसेवाले! जरा बाजूला व्हा ना, माझा सिग्नल अडवताय तुम्ही!"

कपाटाएवढा आरसा छातीशी धरून रस्ता ओलांडणारा माणूस जागीच थांबला. आरशाच्या कडेवरून आधी विस्कटलेले केस डोकावले, मग दोन डोळे.

"मी?… मी नुसता रस्ता ओलांडतोय."

"तेच तर! त्या गच्चीवर पांढरी पेटी दिसतेय? तिथून माझ्या फोनपर्यंत वाट मोकळी लागते. मध्ये कुणी आलं की संपलं."

"बापरे… एवढा नाजूक?"

"पण वेग बघाल तर थक्क व्हाल."

"झालोय ना," तो म्हणाला. बघत होता मात्र तिच्याकडे. मागून गाडीने भोंगा वाजवला, तेव्हा कुठे स्वारी हलली.

मिलिमीटर लहरींचं हे नवं नेटवर्क म्हणजे लाडावलेला जावई होता. खूश असला तर अख्खा सिनेमा चुटकीसरशी फोनवर उतरवायचा. पण फांदी आडवी आली, भिंत आली, नुसता हात आला तरी रुसून बसायचा. त्याची मनधरणी करायचं काम कंपनीने या इंजिनीअरबाईच्या गळ्यात घातलं होतं. रस्त्यावर सगळं झकास. घोडं अडलं होतं ते शेजारच्या गल्लीत. तिथे वळण होतं, आणि वळणं घेणं या लहरींच्या रक्तातच नव्हतं.

"गल्लीत सिग्नल पोचला नाही, तर पेटी उतरवून दुसऱ्या शहरात न्यायची," साहेबांनी बजावलं होतं. "आणि पेटीबरोबर तुम्हीही."

आता नेमकं त्याच वळणावर त्या आरसेवाल्याचं दुकान असावं, याला ती बिचारी काय करणार? तो आत काच कापत बसायचा, त्याची आई गल्ल्यावर. ही फोन हातात धरून रोज दारात हजर.

"शून्य," ती म्हणायची.

"फोनकडे बघून म्हणताय की माझ्याकडे?"

"दोन्हीकडे."

"आई, मॅडमना चहा दे. आज फार रागात आहेत."

राग कसला! दुसऱ्या शहराचं नाव काढलं की ती विषय बदलायची, आणि ते नोकरीच्या काळजीने नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असून अनभिज्ञ राहायची कला मात्र तिला छान जमायची.

मग एका सकाळी त्याच दारात फोनवर सिग्नल भरभरून आला. तिने पुन्हा पाहिलं. खरंच होता! आनंदाच्या भरात तिने त्याचा हात धरला… आणि सोडला, पण जरा उशिराच. कारण शोधायचं सोडून तिने लगेच साहेबांना फोन लावला. तिथेच ती फसली.

कारण दुसऱ्या दिवशी साहेब आले, फोन पुढे केला, आणि त्यावर ठणठणीत शून्य.

"काल होता, साहेब! शपथ!"

"कालचं मला काय सांगता? आज कुठे गेला?"

तिचे डोळे भरून आले. तिने दुकानाकडे पाहिलं. "कालपासून इथे काही हलवलंय का?"

"छे गं," आई म्हणाली. "उलट सगळं नीटनेटकं केलं. समोरच्या भिंतीवरचा आरसा याने परवा वाकडा केला होता, तुझे साहेब येणार म्हणून तोसुद्धा याला सरळ करायला लावला. तुझी मान खाली जायला नको."

ती वळली. वळणावरच्या भिंतीला टांगलेला मोठा आरसा! त्यात बघून ती रोज केस सारखे करायची, आणि डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

"पुन्हा वाकडा करा! होता तसाच!"

त्याने आरसा तिरका केला. मोजलं नाही, अंदाज घेतला नाही. हात थेट तिथेच थांबला. फोन भरभरून जागा झाला.

"काचेमागच्या मुलाम्यावर लहर आपटते आणि गल्लीत वळते, साहेब!" ती हसत-रडत म्हणाली.

"ते कळलं," साहेब म्हणाले. "पण आरसा असा वाकडा लावतं कोण? आणि का?"

"उजेड… उजेडासाठी," तो कानापर्यंत लाल झाला.

"उजेड कसला डोंबलाचा!" आई म्हणाली. "गिऱ्हाईक मागत होतं, तरी दिला नाही."

ती तडक आत गेली आणि त्याच्या स्टुलावर बसून आरशात पाहिलं. गच्ची दिसली. पांढरी पेटी दिसली. पेटीशेजारी तिची घडीची खुर्ची दिसली, जिच्यावर ती दिवसभर आकडे टिपत बसायची. ज्या वाटेने लहर येते, त्याच वाटेने नजर परत जाते. हे ती कॉलेजात शिकली होती. पण तेव्हा अंगावर असा काटा आला नव्हता.

साहेबांनी घसा खाकरला. "आरशाचा भरवसा नाही. तिथे धातूचा पत्रा कायमचा बसवू. पेटी राहील. तुम्हीही राहा." आणि ते समजूतदारपणे गाडीकडे निघाले.

"पत्रा…" तो पुटपुटला. "त्यात काहीच दिसणार नाही मॅडम."

"काय दिसायला हवंय?"

त्याने काच कापायचं हत्यार उचललं, उगाच एका काचेवर टेकवलं. "तुम्ही. मला… तुम्ही फार आवडता."

"मलाही," ती म्हणाली. "त्या शहराच्या नावाने झोप उडाली होती माझी. कंपनीसाठी नाही… तुमच्यासाठी."

त्याचा हात सटकला आणि चांगली काच आडवी-तिडवी चिरली. आईने पुढे होऊन हत्यार काढून घेतलं, दोघांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "आज दुकान बंद. जा, फिरून या दोघं."